फुटपाथवरची पंगत: परळच्या रुग्णालयांबाहेर अन्नसेवा सुरू करणाऱ्यांसाठी

परळला केईएम, वाडिया आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालयं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. केईएम 1926 पासून चालू आहे, टाटा 1941 पासून. देशभरातून माणसं इथे येतात, कारण इथे चांगले डॉक्टर आहेत आणि उपचार परवडतात. पण उपचार तीन महिने चालणार असतील तर ते तीन महिने राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेरच राहतो. म्हणून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग, जेरबाई वाडिया रोड, आचार्य दोंदे मार्ग या भागात फुटपाथवर ताडपत्री टाकून राहिलेली कुटुंबं दिसतात. त्यांच्याच शेजारी वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणारे मुंबईकरही असतात.

या माणसांना जेवण देणाऱ्या संस्था बहुतेक कुठल्या ना कुठल्या श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या आहेत. कुठे देवस्थानाचं मंडळ असतं, कुठे गुरुद्वाऱ्याचा लंगर, कुठे चर्चमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, कुठे मशिदीची कमिटी. अशा संस्थेत नव्यानं येणाऱ्या सेवेकऱ्यांसाठी आणि आठ-दहा जण मिळून स्वतःची छोटी अन्नसेवा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. एकदाच वाढलेल्या पुरणपोळीपेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मिळणारी साधी खिचडी कितीतरी मोठी मदत आहे. आज संध्याकाळी जेवण नक्की आहे हे माहीत असलं की माणूस जेवणाचे साठ-सत्तर रुपये गोळ्यांसाठी, एक्स-रेसाठी, गावी फोन करण्यासाठी बाजूला ठेवतो. तुम्ही आला नाहीत तर त्या दिवशी तो उपाशी राहतो, कारण त्यानं तुमच्या भरवशावर पैसे खर्च केलेले असतात. म्हणून वर्षभर झेपेल तेवढंच सुरू करा. आठवड्यातला एकच वार घ्या, पण तो पावसातही चुकवू नका.

आधी बघा, मग शिजवा

पहिले दोन आठवडे काहीही वाटू नका. सकाळी सहाला, दुपारी एकला आणि रात्री आठला जाऊन त्या रस्त्यावरून चाला. कुठल्या वारी कोणाची गाडी येते, किती वाजता येते, काय देते, किती उरतं, हे वहीत लिहा. लगेच लक्षात येतं की अन्नाचा तुटवडा सगळे दिवस सारखा नसतो. पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावस्येला, जेवण उतू जातं. गुरुवारी, शनिवारी, रमजानच्या संध्याकाळी, नाताळच्या आठवड्यात, गणपतीत तीन-तीन गाड्या एका मागोमाग येतात आणि खिचडीनं भरलेले द्रोण गटाराशी पडलेले दिसतात. उलट सोमवार-मंगळवारी, सण संपल्यानंतरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मुसळधार पावसात कोणीच फिरकत नाही. तुमचा वार या रिकाम्या दिवसांतून निवडा. आपल्या देवाचा वार कोणता हे बघून सेवा ठरवली तर गर्दीच्या दिवशी आणखी एक गाडी उभी राहते, एवढंच होतं.

वेळही अशीच ठरवा. सकाळची ओपीडी पकडायला लोक पहाटेपासून रांगेत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तपासण्या उपाशीपोटी करायच्या असतात. त्यांना आग्रहानं चहा-बिस्किट दिलंत तर त्यांची तपासणी पुढे ढकलली जाते आणि पुन्हा एक दिवस वाया जातो. नव्या गटानं संध्याकाळी साडेसातची वेळ घ्यावी हे बरं. तोवर ओपीडी, औषधांच्या रांगा, रक्ताचे रिपोर्ट हे सगळं आटोपलेलं असतं.

मग तीन ठिकाणी भेटा. पहिलं, रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवा विभाग. गेटच्या कोणत्या बाजूला उभं राहिलं तर चालेल हे तिथे कळतं, आणि पुढे रुग्णांच्या अडचणी घेऊन तुम्हाला तिथेच जायचं आहे. दुसरं, पोलीस ठाणं. केईएमच्या भागासाठी भोईवाडा. तिसरं, महापालिकेचं एफ दक्षिण वॉर्ड ऑफिस. संस्थेच्या लेटरहेडवर वार, वेळ, जागा, अंदाजे माणसं आणि दोन जबाबदार व्यक्तींचे मोबाइल नंबर लिहून द्या, पोच घ्या. आजूबाजूच्या दुकानदारांशी आणि हातगाडीवाल्यांशीही बोला. वडापावच्या गाडीसमोर फुकट जेवण वाटायला उभं राहिलात तर त्याचा धंदा बसतो आणि तक्रार तिथूनच सुरू होते. शंभर पावलं पुढे सरकलात तर तोच माणूस तुम्हाला पाणी भरायला मदत करेल.

रांगेत कोण आहे

बाहेरून सगळे सारखेच गरीब दिसतात, पण त्यांच्या गरजा सारख्या नसतात.

रुग्ण आणि नातेवाईक हे काही आठवडे किंवा महिने असतात. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल, ईशान्येकडची राज्यं, मराठवाडा, विदर्भ अशा भागांतून ते आलेले असतात. गावी घर असतं, बहुधा थोडी जमीनही असते किंवा ती नुकतीच विकलेली असते. हात पसरायची सवय नसते, म्हणून रांगेत उभं राहायला लाजतात. रुग्णाला सोडून रांगेत येताही येत नाही.

कायम फुटपाथवर राहणारी कुटुंबं कष्टकरी असतात. कचरा वेचणं, गजरे विकणं, नाक्यावरचं बिगारी काम, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणं अशी कामं ती करतात. त्यांच्याकडे बऱ्याचदा स्वतःची चूल असते आणि जेवणापेक्षा कागदपत्रं, मुलांची शाळा, पाणी आणि संडास हे त्यांचे प्रश्न मोठे असतात.

तिसरे एकेकटे असतात: म्हातारी माणसं, व्यसनात अडकलेले, मानसिक आजार असलेले. ते रांगेत येतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा डबा घेऊन जावं लागतं.

या तिघांना एकाच रांगेत उभं केलंत तर धडधाकट पुढे येतात आणि ज्याला गरज जास्त तो मागे राहतो. म्हणून शंभर जेवणांतली पंचवीस आधीच बाजूला ठेवा. दोन सेवेकरी रांग सुरू होण्यापूर्वी ती घेऊन रुग्णांच्या ताडपत्रीपर्यंत जातील.

शंभर माणसांची खिचडी

नव्या गटानं मूगडाळीच्या मऊ खिचडीनंच सुरुवात करावी. ती कुठल्याही प्रांतातला, कुठल्याही धर्माचा माणूस खातो, तोंड आलेल्या रुग्णालाही गिळता येते, आणि वाटायला एकच भांडं लागतं. पोळी-भाजी चांगली दिसते, पण शंभर माणसांच्या तीनशे पोळ्या लाटायला आठ हात दोन तास लागतात आणि पोळी वाटपापर्यंत चिवट होते.

साहित्य असं: कोलम तांदूळ 6 किलो, मूगडाळ 3 किलो, दुधी, गाजर आणि लाल भोपळा मिळून बारीक चिरून 4 किलो, तेल 800 मिली, आलं 150 ग्रॅम, जिरं 60 ग्रॅम, हळद 40 ग्रॅम, हिंग 10 ग्रॅम, मीठ 300 ग्रॅम, पाणी 28 लिटर. हिरवी मिरची, गरम मसाला, ओलं खोबरं घालू नका. तिखटानं केमो आणि रेडिएशनच्या रुग्णांचं तोंड सोलवटतं, आणि ओलं खोबरं मुंबईच्या दमट हवेत सगळ्यात आधी आंबतं. यातून साधारण 38 किलो खिचडी होते. माणशी 350 ग्रॅम धरले तर शंभर पानं होऊन थोडी दुसऱ्यांदा वाढायला उरते. टोप 60 लिटरचा घ्या, त्याहून लहान घेतला तर उकळी बाहेर येते.

साडेचारला तांदूळ-डाळ तीन पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. पाणी वेगळ्या टोपात उकळायला ठेवा. सव्वापाचला फोडणी करा, भाज्या परता, निथळलेले तांदूळ-डाळ घालून पाच मिनिटं हलवा आणि मग उकळतं पाणी ओता. गार पाणी ओतलंत तर टोप पुन्हा उकळायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात खालचा थर बुडाला धरतो. उकळी आली की आच कमी करून टोपाखाली जाड लोखंडी तवा सरकवा. लांब दांड्याचं उचटणं बुडापासून फिरवत राहा. साडेसहाला खिचडी तयार होते.

तरीही बूड लागलंच, तर घाबरून खरवडू नका. खरवडलं की करपट वास सगळ्या खिचडीत उतरतो. वरची खिचडी अलगद दुसऱ्या टोपात काढा, खालचा चार बोटांचा थर सोडून द्या. मीठ एकाच माणसानं घालायचं. भटारखान्यात तिघं जण प्रेमानं लक्ष घालत असले की मीठ दोनदा पडतं. त्यामुळे मिठाची पिशवी ज्याच्या हातात, त्याचीच जबाबदारी. खिचडी निवताना घट्ट होत जाते, म्हणून थर्मासमध्ये चार लिटर उकळतं पाणी सोबत न्या आणि वाटपाच्या आधी थोडं थोडं मिसळा.

दोनशे माणसं असतील तर दोन टोप लावा. एकाच मोठ्या टोपात दुप्पट माल घालू नका. मोठ्या टोपात मधला भाग नीट शिजत नाही आणि शिजला तर तळ करपतो.

अन्न बाधू नये म्हणून

इथे सूट देऊ नका. ज्यांना तुम्ही वाढता आहात त्यांच्यातल्या कित्येकांच्या पांढऱ्या पेशी केमोमुळे उतरलेल्या असतात. तुम्हाला-आम्हाला जे जुलाबावर निभावतं, ते त्यांना आयसीयूत नेऊ शकतं.

शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवायचं. मधल्या तापमानात जंतू वाढतात. भातात एक जादा धोका असतो. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन वाटणं कायमचं बंद. खिचडी टोपातून थेट इन्सुलेटेड डब्यात भरा. डबा आधी उकळत्या पाण्यानं पाच मिनिटं तापवून घ्या. सळईचा थर्मामीटर खरेदी करा, डबा भरताना आणि वाटप सुरू करताना मधोमध खुपसून आकडा वहीत लिहा. 60 च्या खाली जाऊन दोन तास उलटले असतील तर ती खिचडी टाकून द्या. वाईट वाटतं, तरी टाका.

प्रत्येक खेपेची दोनशे ग्रॅम खिचडी झाकणाच्या स्वच्छ डबीत, तारीख-वेळ लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कोणाला बाधलं तर तपासायला नमुना हाताशी राहतो. ज्याला जुलाब, उलटी, ताप किंवा हाताला पिकलेली जखम आहे, त्यानं त्या दिवशी भटारखान्यात यायचं नाही. त्याला टेम्पो धुवायचं किंवा हिशेबाचं काम द्या.

चिरलेली फळं, काकडी, कांदा, कोशिंबीर, सरबत, बर्फ काहीही नको. फळ द्यायचं तर केळं किंवा संत्रं, म्हणजे जे सोलून खातात ते. कोणी वाढदिवसाचा केक, लग्नातलं उरलेलं पनीर, हॉलवरची बासुंदी घेऊन आलं तर हात जोडून नको म्हणा. ते किती वेळ बाहेर होतं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कायद्याचंही बघून ठेवा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधली अन्न व्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो, दोन्हींना लागू आहे. म्हणजे नियमित अन्नदान करणाऱ्या संस्थेलाही नोंदणी किंवा परवाना लागतो. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर सामुदायिक स्वयंपाकाला चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या. आणि 2018 पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास-चमचे यांवर बंदी आहे, पहिल्याच वेळी दंड 5,000 रुपये. पानांचे किंवा उसाच्या चोथ्याचे द्रोण घ्या. त्याहून चांगलं म्हणजे लोकांना स्वतःचं ताट-डबा आणायला सांगणं. पहिल्या महिन्यात ते विसरतात, नंतर आपणहून आणतात, आणि डब्यातलं अन्न रुग्णापर्यंत नेणं सोपं जातं.

वाटप

साठ-सत्तर जणांच्या वाटपाला सात माणसं पुरतात: दोघं वाढायला, एक पाण्यापाशी, एक रांगेशी, दोघं ताडपत्र्यांकडे, एक कचऱ्याला. मोठा डाव पहिल्याच दिवशी वजनकाट्यावर मोजून घ्या. साधारण 175 ग्रॅमचा डाव असेल तर दोन डाव म्हणजे एक वाढप. डाव बदलला की हिशेब चुकतो, आणि शेवटच्या वीस जणांना खिचडी पुरत नाही. तेवढा एक प्रसंग दोन महिन्यांचा विश्वास घालवतो.

रांग भिंतीच्या कडेनं लावा, ॲम्ब्युलन्सचा रस्ता आणि रुग्णालयाचं गेट मोकळं ठेवा. गर्दी शंभराच्या वर जाऊ लागली की टोकन द्या. रांग लागण्याआधी अर्धा तास टोकन वाटलं तर कोणी धावत नाही, ढकलत नाही. आज काय आहे, त्यात काय घातलं आहे आणि पुन्हा कधी येणार, हे पाटीवर मराठी, हिंदी आणि बांगला अशा तिन्ही भाषांत लिहा. बंगालमधून येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यातल्या बायकांना हिंदी वाचता येतंच असं नाही.

वाढताना नजर माणसाकडे असू द्या. काका, मावशी, दादा, ताई म्हणा. हिंदी बोलणाऱ्यांना चाचा, दीदी म्हणा. 'भैया' म्हणू नका, मुंबईत त्यातून काय ऐकू येतं ते त्यांना बरोबर कळतं. 'कालच घेतलंस ना', 'धडधाकट आहेस, काम कर' ही वाक्यं सेवेकऱ्याच्या तोंडी शोभत नाहीत. कोणी दोन वाढपं मागितली तर बहुतेकदा एक ताडपत्रीखाली झोपलेल्या माणसासाठी असतं. खात्री हवी असेल तर सोबत चालत जा, तिथेच वाढा.

फोटो नकोत. देणगीदाराला पुरावा हवा असतो हे समजतं, पण टोपाचा, भरलेल्या डब्यांचा, पावतीचा फोटो पाठवा. द्रोण हातात धरलेल्या माणसाचा चेहरा नको. गावी त्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं, आणि आपण मुंबईत फुटपाथवर आहोत हे त्यानं घरी सांगितलेलंही नसतं.

श्रद्धेबद्दल स्पष्ट नियम हवा. वाढण्यापूर्वी सेवेकऱ्यांनी आपापसात श्लोक म्हणावा, अरदास करावी, प्रार्थना करावी, दुआ मागावी. ती आपली शक्ती आहे. पण जेवण घेण्याच्या बदल्यात कोणाला काही म्हणायला लावू नये, पुस्तिका हातात देऊ नये, नाव-जात-धर्म विचारू नये. लंगरची रीत इथे मार्गदर्शक आहे: तिथे राजा आणि भिकारी एकाच पंगतीत जमिनीवर बसतात आणि कोण कुठला हे कोणी विचारत नाही.

नळी लावलेल्या रुग्णांसाठी एक सूचना. तोंडाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना नाकातून अन्ननळी असते. त्यांना काय आणि किती द्यायचं हे आहारतज्ज्ञांनी ठरवलेलं असतं. खिचडी पातळ करून नळीतून द्या असा सल्ला तुम्ही देऊ नका. कण अडकून नळी बंद होते. त्यांच्या नातेवाइकाला उकळलेलं पाणी किंवा दूध गरम करून देता आलं तर ती मोठी मदत ठरते.

वस्तू कोणत्या द्याव्यात

मुंबईत जाड ब्लँकेट फारसं लागत नाही, पण दर डिसेंबरात गाडी भरभरून तीच येतात. फुटपाथवरच्या माणसाचं सगळं घर एका पिशवीत असतं आणि पालिकेची गाडी आली की ती पिशवी उचलून पळावं लागतं. जे त्या पिशवीत मावत नाही ते त्याच्याकडे टिकत नाही. पातळ सुती चादर, मच्छरदाणी, झिपची जलरोधक फाइल, साबणाची छोटी वडी, रबरी चपला, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं या गोष्टी खरोखर वापरल्या जातात. फाइल विशेष महत्त्वाची, कारण पावसात रिपोर्ट भिजले तर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. जुने कपडे घ्यायचे तर धुतलेले, बटणं-चेन शाबूत असलेले. फाटकं असेल ते घरीच पायपुसण्याला वापरा.

पैसे हातावर देऊ नयेत हा बहुतेक संस्थांचा नियम योग्य आहे, पण एक अपवाद ठेवावा. पैसे घेणाऱ्या संडास-न्हाणीघरासमोर रोजचे सुटे पैसे नसतात म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्या सुविधेच्या चालकाशी ठरवून कुपनं छापली आणि महिन्याला हिशेब चुकता केला तर हा प्रश्न सुटतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. अशा माणसाला 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात पाठवा, प्रतिबंधक गोळी तिथे डॉक्टर देतात. स्वतः गोळ्या वाटू नका, साधी तापाचीही नाही. केमो चालू असलेल्याचा ताप हा घरगुती ताप नसतो. त्याला त्याच रात्री रुग्णालयात नेलं पाहिजे.

जेवणाच्या पुढे

दोन-तीन महिने नियमित गेलात की लोक बोलू लागतात. तेव्हा तुम्हाला सगळं सोडवता यायला हवं असं नाही, पण कोणाला कुठे पाठवायचं हे माहीत हवं.

राहण्याचा प्रश्न आधी येतो. दादर पूर्वेची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना अल्प दरात आसरा देते. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी यांच्याबरोबर बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार आहेत, आणि या सगळ्यांची गाठ परळ-दादरच्या दोन मैलांत पडते. अशा ठिकाणी जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच जावं. तुम्ही ओळखीनं कोणाला आत घुसवलंत तर यादीतला पुढचा माणूस मागे पडतो. भायखळ्याला मिशनरीज ऑफ चॅरिटीचं आशादान 1976 पासून आहे. निराधार, आजारी, टाकून दिलेल्या माणसांसाठी तिथे विचारणा करता येते. पालिकेचे रात्रनिवारेही आहेत. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा असावा असा शहरी बेघरांच्या योजनेचा निकष आहे. मुंबईत तेवढे निवारे नाहीत, म्हणून जवळच्या निवाऱ्यात फोन करून जागा आहे का ते बघूनच माणूस पाठवा.

उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा टोल-फ्री नंबर 155388, आणि आयुष्मान भारतचा 14555. रुग्णालयात दोन्हींसाठी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 एए नुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. रुग्ण दाखल करतानाच हे मागायचं असतं. डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात पडल्यावर, फारसं काही करता येत नाही. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखी देवस्थानंही वैद्यकीय मदत करतात. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती तयार ठेवा.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला 75 टक्के. फॉर्म रुग्णालयातून मिळतो. कित्येक कुटुंबं हे माहीत नसल्यानं पूर्ण तिकीट काढून येत-जात राहतात.

परराज्यातलं रेशनकार्ड मुंबईतही चालतं, आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. पण फुटपाथवर शिजवायचं कशावर? एखाद्या संस्थेनं दोन शेगड्यांची सामायिक चूल चालवली तर हे धान्य उपयोगी पडतं, आणि बाईला आपल्या नवऱ्याला आपल्या हातचं खायला घालता येतं.

कायम रस्त्यावर राहणाऱ्यांची कागदपत्रं हे चिकाटीचं काम आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. मतदार नोंदणीसाठी बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म 6 मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा निवडणूक अधिकारी, रात्री येऊन तिथे तो खरंच झोपतो का हे एकाहून जास्त रात्री बघतो. त्या रात्री माणूस जागेवर नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो. त्यामुळे बीएलओ कधी येणार हे विचारून घेऊन त्या कुटुंबाला सांगून ठेवा.

हे नंबर प्रत्येक सेवेकऱ्याच्या फोनमध्ये असावेत: ॲम्ब्युलन्स 108, पोलीस 112, एकटं मूल दिसलं तर 1098, ज्येष्ठांसाठी 14567, मानसिक आरोग्यासाठी 14416. हरवलेलं किंवा एकटं मूल स्वतःच्या घरी, स्वतःच्या गाडीत नेऊ नका. रस्त्यावर भटकणारी, मानसिक आजार असलेली व्यक्ती दिसली तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. कलम सांगून विनंती केली की काम लवकर होतं. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे, आणि त्याखाली उचललेल्या माणसांना चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतात. तुमच्या रांगेतला रोजचा माणूस अचानक दिसेनासा झाला तर तिथे चौकशी करा.

हिशेब

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या नावावरच देणगी घ्या, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली 80 जी ची सूट मिळत नाही, देणगीदाराला आधीच सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकानं पैसे पाठवायचं म्हटलं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय ते घेता येत नाहीत. धान्यरूपानं येणाऱ्या मदतीचीही पावती फाडा: किती किलो, कोणत्या तारखेला, कोणाकडून. तीन महिन्यांचा शिधा पुरेल एवढी शिल्लक ठेवूनच माणसांची संख्या वाढवा. नव्वदाचे दीडशे करणं सोपं असतं, पण दीडशेचे पुन्हा नव्वद करताना साठ जणांना परत पाठवावं लागतं.

सेवा थांबवायची वेळ आली, जागा गेली, माणसं कमी पडली, तर निदान महिनाभर आधी सांगा. पाटीवर शेवटची तारीख लिहा, त्याच तिन्ही भाषांत. समाजसेवा विभागाला पत्र द्या. त्या वारी दुसरा कोणता गट येऊ शकतो हे आसपासच्या गुरुद्वाऱ्यात, चर्चमध्ये, मंडळांत, मशिदीत विचारा, आणि तो गट तयार झाला तर पहिले दोन वार त्यांच्यासोबत उभे राहून ताडपत्र्यांखालचे रुग्ण कोण आणि कुठे आहेत ते दाखवून द्या.